तीन इस्पिक म्हटलं आणि भिडू पास झाला: मेजरच्या रेजमधले नेहमीचे घोळ आणि उपाय

ब्रिजमधली तक्रार एकच असते, टेबल जळगावचं असो, भुसावळचं असो की अमळनेरचं. भिडूने एक इस्पिक उघडलं, म्हणजे पहिली बोली केली, तुमच्याकडे चार इस्पिकं आणि भरभक्कम पानं. तुम्ही जोरात 'तीन इस्पिक' म्हणता, म्हणजे भिडूच्या मेजरला (इस्पिक किंवा बदाम) रेज देता, त्याचाच रंग वर नेता, आणि नऊ हात करायचं कबूल करता (सहा अधिक बोलीचा आकडा). डावीकडचा पास, भिडूही पास. डाव खेळून होतो, दहा हात होतात, आणि मग सुरू होतं, "काबरं पास केला भाऊ? गेम होता ना!" भिडूचं उत्तर ठरलेलं, "तुम्हीच तीनवर थांबलात, नाना. मी कशाला चढू?"

आधी पानं बघू. उघडणाऱ्याची:

इस्पिक एक्का राणी ८ ६ ४, बदाम राजा ७, चौकट राणी गुलाम ३, किलवर ९ ६ २

आणि समोरची:

इस्पिक राजा १० ७ ३, बदाम एक्का ८, चौकट राजा ८ ६ २, किलवर एक्का ५ ४

बारा आणि चौदा, म्हणजे सव्वीस पॉइंट (एक्क्याचे ४, राजाचे ३, राणीचे २, गुलामाचा १), वर नऊ हुकूम. हुकूम फारच वाईट फाटला नाही तर इस्पिकचे पाच, बदामचे दोन, चौकटीचा एक्का देऊन दोन, किलवरचा एक, असे दहा हात समोर मांडलेले आहेत. तीन इस्पिकवर थांबून दहा केले तर १७० मिळतात. चार, म्हणजे गेम, बोलून तेवढेच केले तर गेमच्या बक्षिसासह ४२०, आणि व्हल्नरेबल (बक्षीस आणि दंड दोन्ही वाढलेले) असाल तर ६२०. टीमच्या खेळात हा फरक ६ किंवा १० इंपचा (इंप म्हणजे टीमच्या खेळातले गुण). एका डावात एवढे गेले की संध्याकाळभर भरून काढत बसायचं.

आता चूक कोणाची? माझ्या मते कोणाचीच नाही, आणि म्हणूनच हा घोळ दर आठवड्याला नव्याने होतो. दोघेही आपापल्या शाळेप्रमाणे अगदी बरोबर बोललेले असतात.

आमच्या भागात ब्रिज दोन वाटांनी आलेला दिसतो. रेल्वेतून निवृत्त झालेली ज्येष्ठ मंडळी, वकील, जुने प्राध्यापक हे गोरेनच्या पद्धतीवर वाढलेले. चार्ल्स गोरेन या अमेरिकी ब्रिजतज्ज्ञाच्या पद्धतीत एकावरून थेट तीनची उडी म्हणजे चार हुकूम, १३ ते १६ पॉइंट आणि गेम होईपर्यंत पास करायचा नाही. दुसरी वाट मोबाइलवर खेळून शिकलेल्यांची. त्यांची उडी म्हणजे लिमिट रेज: चार हुकूम, साधारण १० ते १२, आणि 'जास्तीचं असेल तर चढ, नाहीतर इथेच थांब'. इंग्लंडच्या अ‍ॅकोल पद्धतीत १९३०च्या दशकापासून हाच अर्थ आहे. अमेरिकेतही नंतर गोरेनचा अर्थ मागे पडला आणि लिमिट रेज सर्वमान्य झाली. टेबलावर चौथा गडी कमी पडला की आपण या दोन वाटांचे लोक समोरासमोर बसवतो, "स्टँडर्डच खेळू ना?" "हो, स्टँडर्डच," एवढं बोलतो आणि पानं वाटायला घेतो. दोघांचं स्टँडर्ड वेगळं आहे हे तिसऱ्या-चौथ्या डावात कळतं.

निदान कसं करायचं

चर्चा करून हे सापडत नाही, कारण चर्चेत दोघेही 'हो हो, तसंच' म्हणतात. दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर लिहायचं, एकमेकांचं न बघता. खालच्या प्रत्येक बोलीसमोर तीनच गोष्टी: हुकूम किती, पॉइंट किती, आणि भिडूला पास करता येतो का. (कंसात आहे ती विरोधकाची बोली; नोट्रम्प म्हणजे हुकुमाशिवायचा खेळ.)

एक इस्पिक – दोन इस्पिक
एक इस्पिक – तीन इस्पिक
एक इस्पिक – चार इस्पिक
एक इस्पिक – दोन नोट्रम्प
एक इस्पिक – चार चौकट
एक बदाम – (डबल) – तीन बदाम
एक बदाम – (डबल) – दोन नोट्रम्प
एक बदाम – (दोन किलवर) – तीन किलवर
पास – एक इस्पिक – दोन किलवर
एक इस्पिक – दोन इस्पिक – तीन इस्पिक

मग कागद शेजारी ठेवायचे. पहिली ओळ बहुतेकांची जुळते. दुसरीवर खडाखडी होते. चौथी आणि सातवी ओळ वाचताना कोणीतरी 'अरे!' म्हणतंच. जिथे जुळत नाही तिथे तुमचे इंप गळतायत. जिथे एकाने जागा कोरी सोडली तिथेही गळतायत, फक्त अजून लक्षात आलेलं नाही.

ही परीक्षा वर्षानुवर्षं एकत्र खेळणाऱ्यांनीही द्यावी. २०१८मध्ये जकार्ताच्या एशियाडमध्ये प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार यांनी पुरुष जोडीचं सुवर्ण आणलं, तेव्हा आमच्याकडच्या मेंढीकोटवाल्यांनाही ब्रिजबद्दल कुतूहल वाटायला लागलं. 'साठीतला माणूस सुवर्ण आणतो' याचंच सगळ्यांना अप्रूप. मला त्यात कौतुक जोडीचं वाटतं. बोलीचा अर्थ दोघांच्या डोक्यात एकच असणं, हे वयावर किंवा हुशारीवर नाही, आधी बसून ठरवण्यावर आहे.

पाया: दोन, तीन आणि चार

मिश्र टेबलासाठी मी एकच सांगेन: तीनची उडी लिमिट धरा. ज्येष्ठांना हे पचायला जड जातं, पण यामागे कारण आहे. चार हुकूम आणि अकरा पॉइंट ही पानं फार वेळा येतात. गोरेनच्या पद्धतीत त्यांना सरळ बोलीच नाही. आधी दुसरा रंग बोला, मग हुकूम दाखवा, असा वळसा पडतो आणि तेवढ्यात विरोधक मध्ये घुसतात. गेमच्या ताकदीच्या रेजसाठी मात्र दुसऱ्या जागा मोकळ्या आहेत, त्या पुढे येतीलच.

तर दोन म्हणजे तीन किंवा जास्त हुकूम आणि ६ ते ९. तीन म्हणजे चार हुकूम आणि १० ते १२. चारची उडी म्हणजे पाच हुकूम, कुठेतरी एकच पान, आणि पॉइंट थोडे.

इथे पॉइंट म्हणजे नुसते एक्का-राजा मोजायचे नाहीत. चार हुकूम हातात असतील तर दुसऱ्या रंगात शून्य पानं म्हणजे पाच, एकच पान म्हणजे तीन, दोन पानं म्हणजे एक, असे डमीचे (टेबलावर उघड्या मांडलेल्या पानांचे) पॉइंट धरा. हे बघा:

इस्पिक राजा १० ७ ३, बदाम ८, चौकट एक्का ९ ६ ४ २, किलवर ७ ५ ३

सातच पॉइंट दिसतात, पण बदामच्या एकाच पानाचे तीन धरले की दहा. तीन इस्पिक बोला. याउलट हे:

इस्पिक राणी ७ ५, बदाम राणी गुलाम ४, चौकट राजा गुलाम ६ २, किलवर गुलाम ८ ३

पॉइंट दहा. पण हुकूम तीनच, कुठेही तोड (तोकडा रंग) नाही, सगळ्या राण्या-गुलाम विखुरलेले. हे पान दोनच्या लायकीचं. आमच्याकडे नेमकं उलटं होतं. दुसऱ्याला 'दहा आहेत' म्हणून तीनवर नेतात आणि पहिल्याला 'सातच आहेत' म्हणून दोनवर ठेवतात.

तीन हुकूम आणि खरोखरचे १० ते १२ असतील तर? आधी दुसरा रंग बोलून मग इस्पिकला या. जे टू-ओव्हर-वन (एकावर दोनचा नवा रंग म्हणजे गेम पक्का, ही पद्धत) खेळतात ते एक नोट्रम्प फोर्सिंग (पास करता न येणारं) बोलून पुढच्या फेरीत तीनवर उडी घेतात. दोन्ही चालतं, फक्त दोघांचं एक असू द्या.

उघडणाऱ्याने लिमिट रेजवर चारवर कधी जायचं, यावर टीममध्ये एक हिशेब उपयोगी पडतो. व्हल्नरेबल असताना गेम बोलून झाला तर साधारण १० इंप मिळतात, एक हाताने बुडाला तर ६ जातात. म्हणजे शंभरातून अडतीसच्या आसपास वेळा झाला तरी बोलणं परवडतं. व्हल्नरेबल नसताना मिळतात ६, जातात ५. तिथे पंचेचाळीसच्या पुढे शक्यता हवी. सांगायचं एवढंच की व्हल्नरेबल असताना 'जाऊ दे, जपून' म्हणणाऱ्याचं नुकसान जास्त. बहुतेकांची सवय नेमकी उलटी असते.

दोन नोट्रम्पचं त्रांगडं

मघाच्या चौदा पॉइंटच्या पानांना तीन इस्पिक बोलायची नाही, मग बोलायचं काय? दोन नोट्रम्प. ऑस्वाल्ड जॅकोबीच्या नावाने ओळखली जाणारी ही बोली सांगते: चार हुकूम आहेत, गेम पक्का, आता तुझी पानं सांग.

उघडणाऱ्याची उत्तरं अशी. तीनच्या पातळीवर नवा रंग बोलला तर त्या रंगात त्याच्याकडे एक पान किंवा शून्य. चारच्या पातळीवर नवा रंग म्हणजे दुसरा चांगला पाच पानी रंग. तीन इस्पिक म्हणजे जोरदार, १८ किंवा वर. तीन नोट्रम्प म्हणजे मधलं, १५ ते १७. चार इस्पिक म्हणजे कमीत कमी ओपनिंग, कुठेही तोड नाही. सगळ्यात कमी ताकदीचा माणूस सगळ्यात वर उडी मारतो हे सुरुवातीला खटकतं. पण हलक्या पानांनी जागा खाऊन टाकावी आणि भारी पानांनी शोधायला जागा ठेवावी, असा त्यामागचा विचार आहे.

मघाच्या डावात एक इस्पिक, दोन नोट्रम्प, चार इस्पिक, पास. तीन बोल्यांत गेम.

त्रांगडं होतं ते यापुढे. जुन्या पद्धतीत दोन नोट्रम्प म्हणजे सरळ नोट्रम्पचीच पानं, सपाट आणि बळकट. कागदावर दोघांनीही 'फोर्सिंग' लिहिलेलं असतं, म्हणून जुळलं असं वाटतं, पण एक जण चार हुकूम धरून चाललेला असतो आणि दुसऱ्याकडे दोनच निघतात. म्हणून परीक्षेत 'हुकूम किती' हा प्रश्न पहिला ठेवला आहे.

दुसरी खोच त्याहून वाईट. मध्ये विरोधकाने टेकआउट डबल (त्याच्या भिडूला दुसरा रंग बोलायला लावणारा) दिला तर याच दोन नोट्रम्पचा अर्थ बदलतो. एक बदाम – डबल – दोन नोट्रम्प म्हणजे चार हुकूम आणि लिमिट रेज किंवा त्याहून जास्त. ही अ‍ॅलन ट्रस्कॉटच्या नावाची बोली, काही जण जॉर्डन म्हणतात. उघडणाऱ्याची पानं कमी असतील तर तो तीन बदाम बोलून थांबतो. गेम पक्का नाही, हे लक्षात ठेवा. एकाला जॅकोबी वाटतं आणि दुसऱ्याला ट्रस्कॉट, मग एक जण एक पान दाखवायला तीन चौकट बोलतो आणि दुसऱ्याला कळतच नाही ही चौकट आली कुठून.

विरोधक बोलले की

इथे नियम सोपा आहे, पाळायला अवघड. विरोधक मध्ये बोलला की थेट उडी हलकी होते आणि चांगली पानं दुसऱ्या दाराने जातात.

डबलनंतरचं दुसरं दार म्हणजे वरचं दोन नोट्रम्प. विरोधकाने रंग बोलला असेल तर त्याचाच रंग बोलायचा: एक बदाम – दोन किलवर – तीन किलवर, म्हणजे 'मला बदाम आवडले, लिमिट किंवा वर'. हे दार एकदा ठरलं की तीन बदामची उडी मोकळी होते, आणि तिचा वापर अशा पानांवर करायचा:

इस्पिक ६ २, बदाम राणी १० ७ ४, चौकट गुलाम ९ ८ ५ ३, किलवर ८ ४

तीन पॉइंट! ज्येष्ठ मंडळी हे बघून कपाळाला हात लावतात. पण हिशेब असा: आपल्याकडे नऊ बदाम आहेत, म्हणजे विरोधकांचंही कुठेतरी जमतंय. फ्रान्सच्या जाँ-रने व्हेर्न यांनी १९६०च्या दशकात मांडलेला ठोकताळा सांगतो, की आपले हुकूम जितके तितक्या हातांच्या पातळीपर्यंत पटकन जाणं सहसा फायद्याचं असतं. नऊ हुकूम, नऊ हात, म्हणजे तीनची पातळी. बुडालो तरी त्यांच्या गेमपेक्षा स्वस्त. व्हल्नरेबल असाल आणि ते नसतील तेव्हा मात्र हात आखडता घ्या. ठोकताळा म्हणजे कायदा नव्हे, इंग्रजीत त्याला 'लॉ' म्हणत असले तरी.

तिसऱ्या जागेचं हलकं ओपनिंग

पहिले दोघे पास झाले की तिसऱ्या जागेवरचा गडी दहा-अकरावरही उघडतो, निदान भिडूला उतारी (पहिलं पान कोणत्या रंगाचं टाकावं ते) तरी सांगावी म्हणून. आणि नेमकं तेव्हाच पास झालेल्या भिडूकडे अकरा पॉइंट आणि चार हुकूम निघतात. तो खुशीत तीनची उडी घेतो.

उघडणारा: इस्पिक राजा राणी गुलाम ८ ५, बदाम ७ ४, चौकट एक्का ९ ३, किलवर १० ६ २

भिडू: इस्पिक एक्का ९ ६ २, बदाम राजा ८ ३, चौकट ७ ५, किलवर राजा गुलाम ७ ४

चौकटीचा एक हात जाणारच. बदामचा एक्का राजाच्या मागे निघाला आणि किलवर उलटे बसले, तर बदामचे दोन आणि किलवरचे दोन. पाच हात गेले, तीन इस्पिक बुडालं. दोनवर सुखाने होत होतं.

यावर उपाय ड्रुरी. कॅनडातले डग्लस ड्रुरी यांचे भिडू एरिक मरे तिसऱ्या जागेवर भलतंच हलकं उघडायचे, त्यातून ही बोली निघाली असं सांगतात. पास झालेल्या भिडूने दोन किलवर बोलायचं: 'मला तुझा मेजर आवडला, दहाच्या पुढे आहेत, खरं उघडलंस का?' उघडणाऱ्याची पानं खोटी असतील तर तो तोच मेजर दोनवर बोलतो आणि विषय संपतो. खरी असतील तर पुढे जातो. याची किंमत एकच, पास झाल्यावर खरे किलवर दोनवर दाखवता येत नाहीत. ती मी आनंदाने मोजेन. मध्ये विरोधकाने रंग बोलला तर ड्रुरी बंद. डबल दिला तर चालू की बंद, हे दोघांनी आधी ठरवून ठेवा.

स्प्लिंटर: पॉइंट मोजणाऱ्याचा सापळा

मला सर्वांत आवडणारी आणि आमच्या टेबलांवर सगळ्यात वाया जाणारी बोली ही. एक इस्पिकवर चार चौकट, म्हणजे गरजेपेक्षा दोन पायऱ्या जास्त उडी. अर्थ: चार इस्पिक, गेमची ताकद, आणि चौकटीत एकच पान किंवा शून्य. समजा बोलणाऱ्याची पानं ही:

इस्पिक राजा ९ ७ ३, बदाम राजा राणी ८ ४, चौकट ५, किलवर एक्का गुलाम ९ ४

आता उघडणाऱ्याची दोन वेगळी पानं घेऊ. पहिली:

इस्पिक एक्का राणी गुलाम ६ ४, बदाम एक्का ५, चौकट ८ ७ ३, किलवर राजा ६ २

दुसरी:

इस्पिक एक्का राणी गुलाम ६ ४, बदाम एक्का ५, चौकट राजा राणी ३, किलवर ८ ६ २

पहिलीत चौदा, दुसरीत सोळा. चार चौकट ऐकून सोळावाला छाती फुगवून चार नोट्रम्प (एक्के किती, हा प्रश्न) विचारतो आणि चौदावाला 'कमीच आहेत' म्हणून चार इस्पिकवर थांबतो. व्हायला हवं बरोबर उलटं.

पहिली पानं खेळून बघा. चौकटीचा एक हात द्यायचा, उरलेल्या दोन चौकटी डमीच्या हुकमाने मारायच्या. हातातले पाच हुकूम आणि डमीत मारलेले दोन, सात झाले. बदामचे तीन, आणि तिसऱ्या बदामवर हातातला एक किलवर टाकून द्यायचा. किलवरचा एक्का-राजा दोन. एकूण बारा. सत्तावीस पॉइंटात सहा इस्पिक.

दुसऱ्या पानांत एकोणतीस पॉइंट आहेत, आणि तरी चौकटीचा एक्का जातो आणि किलवरचा एक हात जातो. अकरा. सहा बोललात तर बुडालात. चौकटीचे राजा-राणी भिडूच्या एकाच पानासमोर जवळजवळ फुकट गेले. तेच पॉइंट किलवरमध्ये असते तर सोनं होतं.

म्हणून स्प्लिंटर ऐकल्यावर एकूण पॉइंट मोजू नका. भिडूच्या तोकड्या रंगात आपलं काय आहे तेवढं बघा. तिथे नुसती छोटी पानं किंवा एक्का असेल तर पुढे जा. राजा-राणी असेल तर चारवर गप्प बसा, कितीही हात शिवशिवले तरी.

एक बदामवरचं स्प्लिंटर तीन इस्पिकपासून सुरू होतं, हे पुष्कळ जण विसरतात. एक बदाम – तीन इस्पिक ऐकून 'लांब इस्पिक असतील' असं समजून पास केल्याचे किस्से प्रत्येक क्लबात मिळतील.

चारची उडी, आणि बर्गनबद्दल दोन शब्द

चार इस्पिकची उडी अशा पानांसाठी: इस्पिक राणी ९ ७ ५ ३, बदाम ४, चौकट राजा ८ ६ २, किलवर ७ ५ ४. पाच पॉइंट. होईल किंवा थोडक्यात बुडेल, आणि विरोधकांना बदाम बोलायला जागा उरणार नाही. 'गेम तर आहेच' म्हणून पंधरा पॉइंटवर हीच उडी मारणारे लोक स्लॅम (बारा किंवा तेरा हातांची बोली) तिथेच पुरतात, कारण भिडू पाचच पॉइंट धरून पास करतो. पंधरा असतील तर दोन नोट्रम्प.

मार्टी बर्गनच्या रेज (तीन किलवर म्हणजे चार हुकूम आणि ७ ते १०, तीन चौकट म्हणजे चार हुकूम आणि लिमिट, तीनची थेट उडी म्हणजे अगदी हलकं) हुशारीच्या आहेत, वाद नाही. पण दर शुक्रवारी भिडू बदलत असेल तर त्यांच्या वाट्याला जाऊ नका. एक जण विसरला की तीन किलवरवर पास होतो आणि तीन पानी हुकमावर खेळ सुरू होतो. कायमची जोडी असेल तर जरूर घ्या, पण आधी वरची दहा ओळींची परीक्षा पास करा.

दोननंतर तीन

एक इस्पिक – दोन इस्पिक – तीन इस्पिक. याचा अर्थ 'नऊ असतील तर चार बोल', की 'विरोधकांना आत येऊ देऊ नकोस, मी फक्त दार लावलं'? दोन्ही मतांचे चांगले खेळाडू आहेत. माझं मत दुसरीकडे झुकतं, कारण गेमचं विचारायला नवा रंग आहे: तीन चौकट म्हणजे 'चौकटीत मदत आहे का'. चौकटीत राजा, किंवा एकच पान आणि चांगले हुकूम असतील तर भिडू चारवर जातो. तीन-चार छोट्या चौकटी असतील तर तीन इस्पिकवर थांबतो. नुसतं 'किती आहेत' विचारण्यापेक्षा 'कुठे आहेत' विचारलेलं केव्हाही चांगलं.

घोळ चालू असताना टेबलावर

कितीही ठरवलं तरी एखाद्या दिवशी भिडू विसरणार. तुम्ही दोन नोट्रम्प जॅकोबी म्हणून बोलता. विरोधक विचारतो, याचा अर्थ काय? भिडू सांगतो, "सपाट पानं, नोट्रम्प." तुमच्या पोटात गोळा येतो. इथे आमच्याकडची मेंढीकोटची सवय आड येते. घरच्या डावात भुवई उडवणं, खाकरणं, पान आपटून टाकणं हा खेळाचाच भाग असतो. ब्रिजमध्ये भिडूने दिलेलं ते स्पष्टीकरण तुम्ही ऐकलंच नाही असं धरून पुढे बोलायचं असतं. त्याची पुढची बोली तीन चौकट आली तर ती जॅकोबीचंच उत्तर समजायची, चौकटीत एक पान. 'तो विसरलाय, आता सावरून घेतो' म्हणून बोली वळवलीत तर नियमभंग होतो. आवाजाचंही तेच. तोंडी बोली असते तिथे 'तीऽन इस्पिक' असं लांबवून फोर्सिंग करणारे आहेतच. बोलीचे कार्ड असतील तर वापरा, नसतील तर कागदावर लिहून बोला, अर्धे वाद तिथेच मिटतात.

भिडूचं चुकलेलं स्पष्टीकरण दुरुस्त कधी करायचं, यालाही वेळ ठरलेली आहे. डाव तुमच्या जोडीने घेतला असेल, म्हणजे तुम्ही खेळणार किंवा डमी होणार असाल, तर पहिली उतारी पडण्याआधी डायरेक्टरला (पंचाला) बोलावून विरोधकांना सांगायचं. डाव विरोधकांनी घेतला असेल तर शेवटचं पान पडेपर्यंत तोंड बंद, मग सांगायचं. विसरून चुकीची बोली बोलणं गुन्हा नाही. ठरलेलं एक असताना विरोधकांना दुसरंच सांगितलं गेलं, तर त्यांना भरपाई मिळू शकते. आणि नेमकं ठरलं काय होतं हा वाद आला की डायरेक्टर सिस्टिम कार्ड (जोडीने ठरवलेल्या बोल्यांची नोंद) मागतो. म्हणून त्या दोन कागदांवर जे अखेर जुळलं, ते कार्डावर उतरवून दोघांनीही जवळ ठेवा.